डोळ्यातील इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स मंजूर करा : तळोज्यातील ज्येष्ठ नागरिकांचे मागणीपत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण. कर्मचारी राज्य विमा महामंडळ. आयुक्त, पनवेल महानगरपालिका

उतारवयात मॅक्युलाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाचा, ऱ्हास होतो, त्यातला 'ओला' प्रकार वेळेत उपचार न मिळाल्यास काही महिन्यांत समोरची नजर घेऊन जातो. एक ऑपरेशन करून तो सुटत नाही. डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागतात : सुरुवातीची तीन साधारण महिन्या-महिन्याने, पुढची ओसीटी (पडद्याच्या स्कॅनची) तपासणी पाहून, अनेकदा वर्षानुवर्षे. योजना आणि पॉलिसी मात्र एकदा दाखल, एकदा बिल, याच हिशेबावर चालतात. आमची तक्रार या विसंगतीबद्दल आहे.

विमा नियामकाने २०१९मध्ये आधुनिक उपचारांच्या यादीत डोळ्यातील इंजेक्शनांचा समावेश केला. तरीही 'रुग्ण २४ तास दाखल नव्हता' या शेऱ्याने आमच्या सदस्यांचे दावे परत येतात. काही मिनिटांच्या इंजेक्शनासाठी रात्रभर खाट अडवावी, अशी अपेक्षा आहे काय? जिथे दावा मंजूर होतो, तिथे उपमर्यादा एक-दोन डोसांत संपते. 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत ही मर्यादा विमा रकमेच्या ५० टक्के आहे. तीच सर्व पॉलिसींना किमान म्हणून लागू करावी, इंजेक्शन डे-केअर मानावे आणि वर्षभराच्या कोर्सला एकदाच पूर्वमंजुरी द्यावी.

आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आमचा रायगड होता. आता संरक्षण ५ लाखांचे आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४पासून आयुष्मान वय वंदना कार्डही मिळते. कार्ड खिशात, पैसे मात्र रोख. कारण काउंटरवर 'हे यात बसत नाही' एवढेच तोंडी ऐकायला मिळते. कोणते औषध, किती डोस, पनवेल तालुक्यातील कोणते रुग्णालय, ही यादी मराठीत जाहीर करावी. नकार द्यायचा तर कारणासह लेखी द्यावा. उपचार यादीत नसेल, तर तो समाविष्ट करावा.

तळोजा एमआयडीसीत आयुष्य घालवलेल्या कामगारांचा हक्क वेगळा आहे. किमान पाच वर्षे विमित राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्यांना वर्षाला १२० रुपये भरून कर्मचारी राज्य विम्याचे वैद्यकीय लाभ मिळतात. अनेकांना हे ठाऊकच नाही. महामंडळाने वसाहतीत नोंदणी शिबिर घ्यावे आणि संपूर्ण कोर्ससाठी एकच रेफरल द्यावा.

महागडेच औषध हवे, असा आमचा हट्ट नाही. या इंजेक्शनांसाठी वापरले जाणारे बेव्हॅसिझुमॅब जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 'कॅट' चाचणीत नजरेच्या बाबतीत ते कितीतरी महाग रॅनिबिझुमॅबच्या तोडीचे ठरले. एका कुपीतून अनेक डोस निघतात. अट एकच, ते निर्जंतुक फार्मसीतच भरले जावेत, कारण दूषित डोसाने डोळाच जाऊ शकतो. रुग्ण एकाच दिवशी बोलावले तर कुपी वाया जात नाही. म्हणून पनवेल उपजिल्हा रुग्णालयात रेटिनातज्ज्ञ, ओसीटी आणि महिन्याचे दोन ठराविक इंजेक्शन-दिवस यांची सोय व्हावी. महापालिकेने त्यात खर्चाचा वाटा उचलावा. बाहुली मोठी करणारे थेंब घातलेल्या वृद्धाने इंजेक्शन घेऊन मुंबईहून परतताना बेलापूरला लोकल सोडून पेंधरची मेट्रो शोधावी, ही व्यवस्था नव्हे.

चारही कार्यालयांनी आपापल्या मागणीवर ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि आमच्या प्रतिनिधींना संयुक्त बैठकीची तारीख कळवावी.