हॅशटॅगची हाळी आणि मालाचं गाव

आपल्या जिल्ह्यातल्या तरुण शेतकऱ्यांना सध्या नवा नाद लागला आहे. डाळिंबाच्या क्रेटचा नाहीतर ज्वारीच्या राशीचा फोटो काढायचा, फेसबुक-इन्स्टाग्रामवर टाकायचा आणि खाली # ही खूण लावून दहा-वीस शब्द ओतायचे. जुनी माणसं हसतात. पण हसण्यासारखं त्यात काही नाही. आठवडी बाजारात बसणारा हाळी देतोच की! २००७ साली ट्विटरवर सुरू झालेली ही खूणही एक हाळीच आहे. खूण लावलेला शब्द दाबला, की तोच शब्द लावून इतरांनी टाकलेला मजकूरही समोर येतो. फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून २०१६ साली मुक्त झाला, तेव्हापासून थेट विक्रीची वाट मोकळी आहे. तेव्हा हाळी द्यावीच.

पण ती कुणाला ऐकू जाते, ते बघा. #शेती, #निसर्ग, #शेतकरी असल्या शब्दांखाली लाखो फोटो पडलेले असतात. तिथं ज्वारी घ्यायला कोण येणार? त्यापेक्षा #मंगळवेढाज्वारी, #मालदांडी, #भगवाडाळिंब असे चार-पाच नेमके शब्द पुरेत. शब्द जोडून लिहावा. मध्ये जागा सोडली तर '#मंगळवेढा' एवढंच धरलं जातं आणि ज्वारी बाहेर राहते. मराठीबरोबर रोमन अक्षरांतही लिहावं, कारण पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक बहुधा तसंच शोधतं. खातं खासगी ठेवलं असेल, तर परक्या माणसाला काहीच दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला हॅशटॅग लावून अनोळखी गिऱ्हाईक येत नाही. ते आपल्या ओळखीचेच लोक बघतात. आणि भाव, किमान वजन, फोन नंबर लिहायला विसरू नये. आमची बरीच पोरं नेमकं तेच विसरतात.

खरी गोम पुढेच आहे. हॅशटॅगला मालक नसतो. कुठलीही ज्वारी पोत्यात भरून कुणीही #मंगळवेढाज्वारी लिहू शकतो, आणि गिऱ्हाइकाला फरक कळायचा नाही. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात, जमिनीत धरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते, त्यामुळे त्या नावाला किंमत आहे. मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचं डाळिंब या दोन्हींना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन आलं म्हणजे ते सगळ्यांना आपोआप वापरता येतं, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. १९९९ च्या कायद्याप्रमाणे उत्पादकाने चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नाव नोंदवावं लागतं. नोंदणी असली, तर ती फोटोखाली लिहिता येते, आणि खोट्या नावाने माल विकणाऱ्याविरुद्ध दाद मागताना हातात कागद असतो. नुसत्या # ला असा आधार नाही.

म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती, की ग्रामसभेत हा विषय घ्यावा. उत्पादक संघामार्फत अर्ज एकत्र करावेत, म्हणजे एकट्याला हेलपाटे पडणार नाहीत. त्याच बैठकीत गावाच्या हॅशटॅगचं एकच लेखन ठरवून टाका. कुणी मंगळवेढा लिहितो, कुणी मंगळवेढे. त्याने एकाच गावच्या मालाचे दोन ढीग होतात. शेंगाचटणी, पापड विकणाऱ्या बचतगटांनी अन्न परवान्याचा क्रमांक पाकिटावर घ्यावा, म्हणजे तो फोटोतही दिसेल.

आणखी एक. अनोळखी 'गिऱ्हाईक' आगाऊ पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड धाडतं आणि पिन टाकायला सांगतं. पैसे घ्यायला पिन लागत नाही. असा फोन सरळ ठेवून द्यावा.

हुरड्याच्या पार्ट्या करणाऱ्यांनी वेळ सांभाळावी. #हुरडापार्टी हा शब्द शहरात थंडीतच शोधला जातो. कणीस निसवलं, की पहिला फोटो टाका आणि कोणत्या आठवड्यात हुरडा येईल ते त्यावर तारखेसह लिहा. पेरणी दोन-तीन टप्प्यांत केली असेल, तर तसंही सांगा. कणीस हुरड्यात आल्यावर जाहिरात केली, तर गिऱ्हाईक पुढच्या रविवारी येईपर्यंत दाणा कडक होऊन जातो.