भूतदया पुरेशी नाही

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांसंबंधी जो आदेश दिला, त्यातील निर्बीजीकरण, लसीकरण आणि कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या जागा या विषयांवर पुष्कळ वाद झाला. त्याच आदेशातील एका लहानशा तरतुदीची चर्चा मात्र त्या मानाने थोडीच झाली. ज्या प्राणिप्रेमींना रस्त्यावरील कुत्रा दत्तक घ्यावयाचा असेल त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा. मात्र तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी त्यांच्यावर राहील, अशी ती तरतूद आहे. वाक्य न्यायालयाचे असले तरी त्याची अंमलबजावणी व्हावयाची आहे ती दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात. आणि तेथे ती पहिल्या काही आठवड्यांतच अडखळण्याचा संभव असतो.

डोळे नुकते उघडलेले पिल्लू घरी आणणे कोणालाही आवडते. जी मागे उरतात त्यांत सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंतची, अंगाने वाढलेली पण अकलेने अर्धवट अशी कुत्री पुष्कळ असतात. अशा कुत्र्याला काहीच शिकवण मिळालेली नाही, असे त्याला घरी आणणारे समजतात. वस्तुतः रस्त्याने त्याला भरपूर शिकवलेले असते. तुकडा दिसताच तो न चावता गिळावा, माणसाचा हात वर गेला की पळावे, आपल्या गल्लीच्या सीमेवर परक्याला भुंकावे, या विद्येवर तो जगलेला असतो. रस्त्यावरचे हे गुण उंबऱ्याच्या आत येताच अवगुण ठरतात. उलट गुळगुळीत फरशी, जिना, कुकरची शिटी, बंद दार या गोष्टी त्याने कधी अनुभवलेल्या नसतात. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसांशी व जगाशी ओळख होण्याचा असतो, असे दाखवून दिले होते. तो काळ ज्याचा गटारीकाठी गेला, त्याने पलंगाखाली दडून बसावे यात नवल नाही. पहिले काही दिवस त्याला तेथे निवांत बसू द्यावे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दर्शनाला बोलावू नये, हीच त्याची पहिली इयत्ता.

खरी परीक्षा पुढेच असते. कुत्रा रुळला असे वाटू लागते, आणि एके दिवशी हाक ऐकूनही तो ढिम्म हलत नाही. घरातील मंडळी याला कृतघ्नपणा म्हणतात. २०२० साली ब्रिटनमधील संशोधकांनी अंधांच्या मार्गदर्शनासाठी वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांची पाहणी केली, तेव्हा पाचव्या महिन्यात आज्ञा पाळणारी कुत्री आठव्या महिन्यात आपल्या पालकाचे कमी ऐकतात, परक्याचे मात्र त्या प्रमाणात कमी ऐकत नाहीत, असे आढळले. नववीच्या वर्गशिक्षकाला यात नवे काही वाटणार नाही. हा वयाचा भाग आहे आणि तो ओसरतो. पण नेमक्या याच महिन्यांत मालकाचा धीर सुटतो.

धीर सुटला की काठी हातात येते. कुत्र्याला 'आपणच वरचढ' हे दाखवून द्यावे लागते, या समजुतीला एके काळी शास्त्राचा आधार होता. रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून १९४७ साली मांडलेल्या कल्पनांतून ती रुजली. पुढे डेव्हिड मेक यांनी, मोकळ्या रानातील कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असतात, असे १९९९ साली स्पष्ट केले. अमेरिकेतील पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेनेही २०२१ साली मारझोडीची पद्धत सर्वस्वी त्याज्य ठरवली. मार खाल्लेला कुत्रा घरात घाण करणे सोडत नाही; तो ती माणसांची नजर चुकवून करू लागतो, इतकेच. याउलट झोपेतून उठल्यावर आणि जेवणानंतर त्याला न चुकता बाहेर न्यावे, त्याने तेथे विधी उरकताच त्याच क्षणी आवडीचा तुकडा द्यावा. घरी परतून दिलेल्या तुकड्याचा अर्थ त्याला उमगत नाही. त्याच्या लेखी ते दार ओलांडल्याचे बक्षीस ठरते. ज्या कृतीमागून सुख येते ती कृती टिकते, हे थॉर्नडाइक यांनी १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून दाखवून दिले होतेच.

कुत्र्यापेक्षा कुटुंबाला शिकवणे अवघड असते. वडील 'बस' म्हणतात, आई 'खाली बैस' म्हणते, चिरंजीव इंग्रजीत 'सिट' म्हणतात, आणि आजी कोणाचे लक्ष नाहीसे पाहून आपल्या ताटातली पोळी पुढे करते. चार गुरूंचा हा शिष्य शेवटी आजीचेच ऐकतो. मराठी परंपरेत दत्तात्रेयापाशी कुत्री आहेत, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आहेत. पण बोलावण्याचे 'यू यू', अंगावर सोडण्याचे 'छू' आणि हाकलण्याचे 'हाड' याखेरीज कुत्र्याशी बोलण्याचे शब्द थोडेच. त्यातही 'हाड' हा सर्वांत जास्त वापरला गेलेला.

गावठी कुत्रा शिकत नाही, ही समजूत तर निराधार आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी रस्त्यावरील कुत्र्यांवरच प्रयोग केले. अनोळखी माणसाशी वारंवार गाठ पडल्यावर विश्वास बसण्यास खाण्यापेक्षा अंगावरून फिरवलेला हात अधिक उपयोगी पडतो, असे त्यांना २०१७ साली दिसले. आणि जवळ येण्याचे धाडस करणाऱ्यांपैकी बहुसंख्य कुत्री माणसाने बोट दाखवलेल्या भांड्याकडेच जातात, असे २०२० साली दिसले. ज्यांना कोणी काही शिकवले नव्हते अशी ही कुत्री होती.

तेव्हा अर्जावर सही घेऊन कुत्रा हवाली केला की काम संपले, असे पालिकांनी मानू नये. कुत्रा देण्यापूर्वी पशुवैद्यकाने सबंध कुटुंबाला तासभर समोर बसवावे, पट्टा कसा धरावा ते दाखवावे, घरी दिवसभर कोण असते ते विचारावे. सगळे दहा तास बाहेर असतील तर स्पष्ट नकार द्यावा. तो कुत्र्यावर उपकारच ठरेल. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवला, पण पहिल्या खेपेला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये. एवढ्या रकमेत गळ्यातला बरा पट्टाही येत नाही. तेव्हा त्या दंडाच्या भरवशावर न राहता पालिकेच्या माणसाने दर महिन्याला घरी जाऊन चौकशी करावी, आणि निदान कुत्रा दोन वर्षांचा होईपर्यंत तरी हा क्रम मोडू नये.