भाव आधी कोणाला कळतो?

सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहा. माल सर्वांसमोर असतो, खरेदीदार भोवती जमतात आणि बोली सर्वांच्या कानावर एकाच वेळी पडते. तिथे सगळे साधुसंत असतात असे नाही, शेतकऱ्यांच्या तक्रारी आपण ऐकतोच. पण जादा भाडे देणाऱ्या व्यापाऱ्याला बोली इतरांच्या आधी ऐकू येईल, असे समितीने ठरवले तर शेतकरी त्याच दिवशी लिलाव बंद पाडतील.

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात मात्र जवळची जागा रीतसर भाड्याने मिळते. बाजाराच्या सर्व्हरशेजारी दलाल आपला संगणक ठेवतो आणि त्याची ऑर्डर सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात पोहोचते. याला को-लोकेशन म्हणतात. २०१० ते २०१४ या काळात तर भावाची माहिती रांगेने जात असे. सकाळी ज्याचा संगणक आधी जोडला गेला, त्याला ती आधी मिळे. २०१५ मध्ये मनीलाइफने हे प्रकरण छापले, तेव्हा एनएसईने १०० कोटींचा बदनामीचा दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला आणि उलट एनएसईलाच ५० लाख रुपये भरायला लावले. सेबीने २०१९ मध्ये ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो रद्द करून रक्कम १०० कोटींवर आणली.

काफिला बाजारात पोहोचण्याआधी वाटेतच गाठून, विकणाऱ्याला भाव कळायच्या आत माल उचलण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली होती. मला हे प्रकरण त्याच जातीचे वाटते.

आपला याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. विजापूर वेशीत किंवा नई जिंदगीत चहाच्या टपरीवर बसलेल्या मुलांचे मोबाइल पाहा. ऑप्शनचे आकडे लाल-हिरवे होत असतात. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांनी पैसे गमावले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. त्यातल्या तीनचतुर्थांशांहून जास्त लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवले होते. समोरच्या बाजूला, मोठ्या परदेशी आणि स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या संस्थांचा ९५ टक्क्यांहून अधिक नफा संगणकी अल्गोरिदममधून आला. सगळा तोटा वेगामुळेच झाला असे म्हणणे चूक ठरेल. मुळात हा सट्टा आहे, आणि तो घरातल्या वडीलधाऱ्यांनी थांबवायला हवा. पण ज्या पटावर समोरचा आधी पाहतो, तिथे आपल्या पोराला ‘अभ्यास करून खेळ’ असे सांगणाऱ्या क्लासवाल्यांना काय म्हणावे?

वेगवान यंत्रांमुळे बाजारात खरेदीदार-विक्रेता पटकन मिळतो, खरेदी-विक्रीच्या भावातले अंतर कमी होते, हे खरे आहे. म्हणून यंत्रे बंद करा अशी मागणी नाही. सेबीनेच ऑगस्ट २०१६ च्या चर्चापत्रात उपाय मांडले होते: ऑर्डरींना थोडा अनियमित विलंब लावणे, किंवा थोड्या थोड्या वेळाने जमलेल्या सर्व ऑर्डरींचा एकत्र लिलाव करणे. २०१८ मध्ये त्यांऐवजी लहान दलालांनाही को-लोकेशनची सोय परवडावी, असा मार्ग निवडला गेला. म्हणजे रांग तशीच राहिली, पुढच्या जागा तेवढ्या वाढल्या. तो एकत्र लिलावाचा प्रस्ताव सेबीने पुन्हा बाहेर काढावा. आपल्या कांदा बाजारात रोज चालतो, तसाच तो आहे.