शुक्रवारची सुट्टी, शुक्रवारची शांतता

मार्च-एप्रिल आला की ऑफिसात कॅलेंडर बघून हिशेब सुरू होतात. शुक्रवार, शनिवार, रविवार... वा! कोकण की महाबळेश्वर? आणि ऐन त्या शुक्रवारी सकाळी माझ्या मोबाईलवर एक-दोन मेसेज हमखास येतात, 'हॅपी गुड फ्रायडे!' रागवायचं तरी कसं? नावातच 'गुड' आहे म्हटल्यावर समोरच्याचा काय दोष!

माझं माहेर शिरूर, सासर दौंड. दोन्ही घरी हा दिवस घरातलं माणूस गेल्यासारखा. शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, अमेरिकन मराठी मिशन एकोणिसाव्या शतकातच पोचलं. आमची भजनं पेटी-तबल्यावरची, अस्सल मराठी. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना. येशूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, प्रत्येकावर एकेक जण बोलणार. आजी पांढरं लुगडं नेसून पुढच्या बाकावर, पोटात पाण्याशिवाय काही नाही. दौंडची तऱ्हा वेगळी. रेल्वेचं जंक्शन, त्यात सासरे इंजिनवर. ते म्हणायचे, 'गाडीला कसला गुड फ्रायडे?' ड्यूटी लागली की निघायचे, पण उपाशीपोटी.

2022 ते 2024 मी कामानिमित्त कतारमध्ये, दोह्याला होते. निघताना सासूबाईंना एकच काळजी, 'मुसलमानी मुलूख तो. तिथं आपला गुड फ्रायडे कसा करणार गं?' खरं सांगायचं तर धाकधूक मलाही होती.

पण तिथला फंडाच वेगळा! साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची. म्हणजे गुड फ्रायडेला रजेचा अर्ज नको, बॉसची मनधरणी नको. ईस्टरच्या रविवारी मात्र सकाळी मुकाट्याने ऑफिस. दोह्यात मेसैमीर भागात, अमिरांनी दिलेल्या जमिनीवर चर्चेसचं एक मोठं आवार आहे. तिथलं पहिलं चर्च 2008 मध्ये उघडलं. बाहेरून क्रूस दिसत नाही, घंटा वाजत नाही. आत गेलं की केरळ, तमिळनाडू, फिलिपिन्स, इजिप्त... सगळे एका कुंपणात. मराठी उपासना काही मला सापडली नाही. मग आई शिरूरच्या चर्चमधून फोन लावून ठेवायची. तिथे बारा, माझ्याकडे साडेनऊ. पहिलं भजन सुरू झालं की माझे डोळे भरायचे.

योगायोग असा, की तिन्ही वर्षी गुड फ्रायडे रमजानमध्येच आला. दिवसा उघड्यावर खाणं-पिणं कायद्यानेच बंद. पुण्यात उपासाच्या दिवशी 'चहा तरी घे', 'साबुदाणा चालतो का गं?' असे दहा प्रश्न. दोह्यात एकही नाही. अख्खं शहरच उपाशी!

आता खरी गंमत. नाताळ समजावणं सोपं असतं. ईसा हे इस्लाममध्ये मोठे पैगंबर, आणि मरियमच्या नावाचा तर कुराणात अख्खा अध्याय आहे. पण येशू क्रुसावर मरण पावले, हे मात्र इस्लाम मानत नाही. म्हणजे दोन्ही धर्मांचं जिथे अजिबात जुळत नाही, नेमका तोच हा दिवस.

आमच्या टीममधल्या एका हैदराबादी सहकाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. 29 मार्च 2024 च्या गुड फ्रायडेआधी तो म्हणाला, 'आपा, उस दिन के बारे में अपना नहीं जमता. लेकिन रोजा तो रोजा है. शाम को घर आओ.' आमचा उपास खरं तर तीनला सुटतो. त्या दिवशी मी तो पावणेसहापर्यंत ताणला. अजान झाली, आणि त्याच्या आईने पहिला खजूर माझ्या हातावर ठेवला. कुणी 'हॅपी' म्हटलं नाही, कुणी कारण विचारलं नाही, वाद तर नाहीच. जेवण मात्र पोटभर वाढलं.

रात्री दौंडला फोन केला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'मग झाला की गं नीट गुड फ्रायडे!'

आपल्याला दुसऱ्याचं सगळं पटायलाच हवं असं कुठे आहे? त्याचा दिवस जड आहे, एवढं कळलं तरी पुष्कळ. तेव्हा मित्रांनो, कोकणात खुशाल जा, मासे हाणा, फोटो टाका. फक्त शेजारच्या डेस्कवरची ख्रिश्चन मैत्रीण त्या शुक्रवारी गप्प असेल, तर तिला गप्प राहू द्या. 'हॅपी' रविवारसाठी राखून ठेवा. ईस्टरला मेसेज करा आणि हक्काने केक मागा. आम्ही देतो!