समरकंद बीदरला आहे

हिमाचल प्रदेशातील खज्जियार १९९२ पासून ‘मिनी स्वित्झर्लंड’ म्हणून मिरविले जाते. परदेशाची उपमा दिल्याखेरीज स्वदेशातील स्थळ खपत नाही, ही आपल्या पर्यटन व्यवसायाची दीनवाणी समजूत आहे. औशाच्या नोकरदार कुटुंबाने या उसन्या परदेशासाठी वर्षाची शिल्लक खर्चावी आणि शेजारचे बीदर मात्र परमुलूख म्हणून सोडून द्यावे, यात ना व्यवहार आहे, ना रसिकता.

बीदरचे परकेपण उसने नाही. इराणातील गीलानहून आलेल्या महमूद गवान या बहमनी वजिराने १४७२ मध्ये तेथे मदरसा उभारला. तीन मजली इमारत, चकाकत्या रंगीत फरशांचे नक्षीकाम, उंच मनोरा. पाहणाऱ्यास समरकंदच आठवावे. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूगोळ्याच्या स्फोटात वास्तूचा मोठा भाग ढासळला. उरलेला आजही थक्क करतो. औशाच्या भुईकोटाचे नावही परंपरेने याच गवानाशी जोडले जाते. (मुलांना हे शाळेत क्वचितच सांगितले जाते, हा भाग निराळा.)

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर म्हैसूर राज्यात गेले, उदगीर-निलंगा मुंबई राज्यात आले. भाषेसाठी आखलेली ती सीमा प्रवाशाच्या मनातही उतरली. औशाचा किल्ला, खरोशाची जांभ्या दगडातील लेणी, उदगीर आणि बीदर असा दोन दिवसांचा फेरा एसटीने कर्नाटकाच्या परिवहन मंडळाशी मिळून आखावा. चहाच्या टपरीपासून लॉजपर्यंतचा पैसा मग याच पट्ट्यात फिरेल आणि खज्जियारचे भाडे न परवडणाऱ्या शेतकऱ्यालाही त्या गाडीत जागा मिळेल.