अदिती पंत तिथे काय करत होत्या?

लखनौच्या अमीनाबादेतल्या पुस्तकांच्या दुकानांत स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांचे ढीग लागलेले असतात. कपडे, बांगड्या, शाळेची पुस्तकं अशी एकत्र खरेदी करायला आलेल्या मुली तिथेही थांबतात. या मार्गदर्शकांत 'पहिल्या भारतीय महिला' अशी एक यादी हमखास असते. माझ्याकडे विज्ञान शिकायला येणाऱ्या दोघींची परवा त्यावरूनच जुंपली. एकीच्या पुस्तकात अंटार्क्टिकाला पोचलेली पहिली भारतीय स्त्री मेहर मूस, दुसरीच्या पुस्तकात अदिती पंत. परीक्षेत कुठल्या पर्यायावर खूण करायची?

उत्तरं दोन्ही खरी आहेत. मुंबईच्या मेहर मूस सत्तरच्या दशकात प्रवासी म्हणून तिथे जाऊन आल्या. अदिती पंत आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता १९८३च्या डिसेंबरात निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून संशोधनासाठी गेल्या. एवढ्याने दोघींचं समाधान झालं आणि वह्या मिटल्या. माझं मात्र झालं नाही. अदिती पंत तिथे जाऊन काय करत होत्या, हे दोन्ही पुस्तकांत एका शब्दानेही नव्हतं.

अदितीबाई १९४३ साली नागपुरात जन्मल्या. घराणं औंध संस्थानाच्या अधिपतींचं. आजोबा भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला आणि १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. वडील अप्पा पंत नामवंत मुत्सद्दी, आई नलिनीबाई शल्यविशारद. अशा घरातल्या मुलीला परदेशी शिकायला जाणं इतरांपेक्षा सोपं होतं, हे मान्य करायलाच हवं. पण समुद्रातल्या शैवालापायी सगळं आयुष्य वेचायचं, हे काही घराणं शिकवत नाही.

ते एका पुस्तकाने शिकवलं. पुणे विद्यापीठातून बी. एस्सी. झालेल्या अदितीबाईंच्या वाचनात अ‍ॅलिस्टर हार्डी यांचं 'द ओपन सी' आलं आणि समुद्रविज्ञान हेच आपलं क्षेत्र असं त्यांनी ठरवलं. हे हार्डी १९२५ ते १९२७ या काळात 'डिस्कव्हरी' जहाजावरून दक्षिण महासागरात हिंडलेले प्राणिशास्त्रज्ञ. चालत्या जहाजामागे ओढत नेऊन प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गोळा करणारं यंत्र त्यांनीच बनवलं.

मग शिष्यवृत्तीवर हवाई विद्यापीठ. तिथे त्यांनी अभ्यासलं ते उष्ण कटिबंधातलं प्रखर ऊन आणि त्याखाली वनस्पतिप्लवकांचं चालणारं प्रकाशसंश्लेषण. लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात पीएच. डी. केली तीही सागरी शैवालांच्या शरीरक्रियेवर. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संस्थापक संचालक एन. के. पणिक्कर यांची गाठ पडली आणि त्या भारतात परतून त्या संस्थेत रुजू झाल्या. सत्तरच्या दशकात किनाऱ्याच्या अभ्यासासाठी त्यांनी अख्खा पश्चिम किनारा पालथा घातला. या वर्षांबद्दल कुणी विचारत नाही, कारण वेरावळ किंवा कन्याकुमारीला पोचणाऱ्या पहिल्या स्त्रीची यादी कुठे छापत नाहीत.

तिसऱ्या मोहिमेचे नेते हर्ष गुप्ता होते आणि जहाज 'फिनपोलारिस'. समुद्रावर तरंगत्या बर्फाच्या जाड थरावर भारताचं पहिलं केंद्र 'दक्षिण गंगोत्री' याच मोहिमेने उभारलं. पहिलं हिवाळी पथक तिथे राहिलं आणि बाकीची मंडळी मार्चअखेर परतली. सेनगुप्ता यांनी शिरमाकर टेकड्यांमधल्या खडकांचा अभ्यास केला. अदितीबाईंचं काम समुद्राच्या पाण्यावर होतं: दक्षिण महासागराच्या अन्नसाखळीची सुरुवात जिथे होते, त्या वनस्पतिप्लवकांची उत्पादकता मोजणं.

अशा मोजणीची रूढ पद्धत ऐकायला साधी आहे. ठरावीक खोलीवरचं पाणी वर काढून काचेच्या बाटल्यांत भरायचं आणि प्रत्येकीत किरणोत्सारी कार्बन असलेलं बायकार्बोनेट अगदी थोडं सोडायचं. एक बाटली उजेडात ठेवायची, दुसरी काळ्या आवरणात. काही तासांनी दोन्हींतलं पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळायचं. गाळणीवर उरलेल्या शैवालात किती कार्बन शिरला ते मोजायचं आणि उजेडाच्या आकड्यातून काळोखाचा आकडा वजा करायचा. उरतं ते प्रकाशसंश्लेषणाने बनलेलं अन्न. आता हेच डोलणाऱ्या जहाजावर, बोटं बधिर करणाऱ्या थंडीत, एकामागून एक ठिकाणी करत राहायचं. या बाटल्यांतल्या शैवालावर क्रिल हा कोळंबीसारखा छोटा जीव जगतो आणि क्रिलवर पेंग्विन, सील, देवमासे.

मला अदितीबाईंच्या आयुष्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे सातत्य. हवाईत डोक्यावर तळपणारा सूर्य, अंटार्क्टिकाच्या उन्हाळ्यात क्षितिजाजवळून फिरणारा आणि बराच काळ न मावळणारा सूर्य, आणि दोन्हीकडे प्रश्न जवळपास एकच: या उजेडाचं शैवाल अन्नात रूपांतर कसं करतं, आणि किती? नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी खारटपणा सोसणाऱ्या आणि खारटपणातच वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या विकरांवर (एन्झाइम्सवर) काम केलं. जागा बदलली, तरी समुद्रातल्या अन्नसाखळीचा धागा सुटला नाही.

स्त्रियांना अंटार्क्टिकावर जाऊ देण्यात जगाने फार उशीर केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँचेस्टरला शिकवणाऱ्या पुरावनस्पतिशास्त्रज्ञ मेरी स्टोप्स यांनी दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघणाऱ्या कॅप्टन स्कॉटला गळ घातली की मलाही बरोबर न्या. ग्लोसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीचे जीवाश्म त्यांना तिथे शोधायचे होते. स्कॉटने नकार दिला, मात्र खडक आणायचं कबूल केलं. १९१२ साली स्कॉट आणि त्याच्या सोबत्यांचे मृतदेह सापडले तेव्हा त्यांच्याजवळ सुमारे १६ किलो दगड होते, आणि त्यांत ग्लोसोप्टेरिस होतं! मरणाच्या दारातही त्यांनी ते ओझं टाकलं नव्हतं. भारत, आफ्रिका आणि अंटार्क्टिका एकेकाळी जोडलेले होते याचा तो मोठा पुरावा ठरला.

या जीवाश्मांचा अभ्यास केंब्रिजच्या सीवर्ड यांनी केला. त्यांचेच शिष्य बिरबल साहनी. अमीनाबादेतून निघून कैसरबागेवरून गोमती ओलांडली की विद्यापीठ मार्गावर साहनींची पुरावनस्पतिविज्ञान संस्था लागते. १९४९च्या एप्रिलमध्ये नेहरूंच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि आठवड्याभरातच साहनी गेले. संस्था पुढे नेली ती त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी. अंटार्क्टिकातल्या तळ्यांच्या गाळात सापडणाऱ्या परागकणांवर याच संस्थेत काम झालं आहे. म्हणजे ध्रुवीय विज्ञान अमीनाबादच्या मुलींपासून फार तर अर्ध्या तासाच्या रिक्षाप्रवासावर आहे, आणि त्यांच्या हातातलं पुस्तक त्यांना फक्त एक नाव पाठ करायला सांगतं.

स्टोप्स यांना नकार मिळाला तेव्हा त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कुणीतरी आणलं. अदितीबाईंनी आपला प्रश्न स्वतः तिथे नेला. 'पहिली' हे बिरुद मला महत्त्वाचं वाटतं ते एवढ्यासाठीच, आणि नेमकं तेवढंच पुस्तकांतून गळून पडतं.

म्हणून प्रश्नसंच काढणाऱ्यांना माझी विनंती आहे. अदिती पंत यांचं नाव ठेवा, पण त्याखाली आणखी एक प्रश्न छापा: दक्षिण महासागराच्या मोठ्या भागात नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक असूनही वनस्पतिप्लवक त्या मानाने कमी का असतं? उत्तरात लोह हा शब्द यायला हवा. जमिनीवरून येणाऱ्या धुळीतून समुद्राला लोह मिळतं, आणि बर्फाने झाकलेल्या खंडाभोवती ती धूळ फारच कमी. हे शोधायला शास्त्रज्ञांना विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. हा प्रश्न आला तर चार पर्यायांपुढे अडलेल्या मुलीला निदान कळेल की अदितीबाई त्या बाटल्यांत काय शोधत होत्या.