पोतेवाद्यांचा चढ आणि उताराचा हिशेब

"रिकामी पिकअप ओल्या चढावर चाक फिरवते? हौद्यात वाळूची सहा पोती टाका, विषय संपला." पावसाळा तोंडावर आला की हे ऐकवणारे एक अधिकारी पुरुष कोकणातल्या प्रत्येक तालुक्यात असतातच. यंदा त्यांच्यातल्याच एकांनी, कर्ज काढून नुकत्याच धंद्यात उतरलेल्या पोरांसमोर, हा उपदेश इतक्या ठामपणे केला की गप्प बसणं अवघड झालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पिकअपची ताकद मागच्या चाकांना, रिकाम्या गाडीचं वजन मात्र पुढे, इंजिनाकडे. मागची चाकं हलकी पडतात म्हणून जागच्या जागी फिरतात. मागे वजन द्या, पकड येते. तरी नाहीच जमलं तर टायरची हवा कमी करा किंवा रिव्हर्सने चढवा. खिसा गरम असेल तर फोर बाय फोर घ्या. याउपर जो बोलेल त्याने कधी स्टिअरिंग धरलेलं नाही.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढू. हवा कमी करणं हा वाळूत रुतलेल्या गाडीचा उपाय. ओल्या काँक्रीटवर हवा उतरवली की भार टायरच्या कडांवर जातो, मधली नक्षी उचलली जाते आणि वळणावर गाडी डोलते. रिव्हर्सने चढवणं हे पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या मोटारींचं शास्त्र. पिकअपचं वजन चढावर सरळ जातानाच मागे सरकतं, ते उलटं कशाला करायचं? आणि फोर बाय फोर? चढायला तिची चार चाकं, पण ब्रेक लावून थांबायला सगळ्यांचीच चार.

आता मुख्य पोत्याकडे वळू.

पोतेवाद्यांचा आधार शाळेतला आहे: घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं. बरोबर. पण चढावर गाडीला खाली खेचणारं बळही त्याच भाराच्या प्रमाणात वाढतं, हे सांगायचं ते सोयीस्कर विसरतात. आकडेच मांडू. समजा, रिकामी गाडी १५०० किलोची आणि त्यातले ६०० किलो मागच्या चाकांवर. वाडीचा रस्ता शेवाळलेल्या काँक्रीटचा, घर्षणगुणांक ०.२५ धरू. मागची चाकं जास्तीत जास्त १५० किलोची ओढ देतील, म्हणजे गाडी शंभर फुटांमागे दहा फुटांचा चढ कशीबशी काढेल. आता ५० किलोची सहा पोती टाका, तीही नेमकी मागच्या आसावर, इंचभर इकडेतिकडे नाही. मागचा भार ९०० किलो, ओढ २२५ किलो; पण गाडी झाली १८०० किलोची. भागाकार करा: शंभरामागे साडेबारा फूट. तीनशे किलो वाळू पावसाळाभर हिंडवायची, तिचं डिझेल जाळायचं, तितकंच भाडं कमी भरायचं, आणि कमाई अडीच फुटांची! चढावर आपोआप मागे सरकणारा भार मी दोन्हीकडून सारखाच वगळला आहे. तो धरला तरी निकाल फिरत नाही.

अजून पोती हवीत? टाका की. अख्खा सह्याद्री हौद्यात भरा. मागच्या चाकांवरचा भार गाडीच्या एकूण वजनापेक्षा जास्त होऊ शकत नाही, म्हणून ०.२५ च्या रस्त्यावर पंचवीस फुटांपुढचा चढ कुणाच्या बापाला चढता यायचा नाही. उलट एकही पोतं न टाकता तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडा आणि घर्षणगुणांक ०.४ वर आणा. तेच ६०० किलो आता २४० किलोची ओढ देतात आणि गाडी सोळा फुटांचा चढ काढते. सहा पोत्यांना जे जमलं नाही ते खरवडण्याने केलं. पण खरवडायला कंबर वाकवावी लागते; पोती टाकायला हुकूम पुरतो.

वजनानेच पकड मिळत असती तर रेल्वेला काळजी नव्हती. मालगाडीचं विजेवरचं इंजिन सव्वाशे टनांच्या आसपास भरतं, आणि त्यातलं प्रत्येक चाक ओढतं. तरीही ते चाकांपुढे रुळावर सोडायला वाळूचा साठा बाळगतं. कर्जतहून लोणावळ्याला चढताना सदतिसास एक एवढाच चढ आहे, तरी मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. रेल्वेने वाळू चाकाखाली ठेवली. आमच्या गुरुवर्यांनी ती हौद्यात नेऊन ठेवली.

आणि आता माझी खरी तक्रार. चढलेली गाडी उतरावी लागते. ०.२५ च्या त्याच रस्त्यावर रिकामी गाडी दहा फुटांच्या चढावर हात टेकते. उतरताना मात्र चारही चाकांना ब्रेक असतो, म्हणजे पंचविसातले दहा उतार खातो आणि पंधरा थांबायला उरतात. पोती टाकून साडेबाराचा चढ काढलात की थांबायला साडेबाराच उरतात. फोर बाय फोर तर थेट पंचविसापर्यंत चढवेल, आणि तिथे थांबायला उरेल शून्य. मागचं चाक फिरणं ही रस्त्याने फुकट दिलेली ताकीद आहे: इथून पुढे याल, पण परत येण्याची हमी नाही. पोती त्या ताकिदीच्या तोंडात बोळा कोंबतात.

शिवाय पोती प्रत्यक्षात पडतात कुठे? फाळक्याजवळ, कारण तिथे फेकायला सोपी. आसाच्या मागे पडलेलं प्रत्येक पोतं पुढची चाकं हलकी करतं, आणि उतारावर वळण्याचं नि थांबण्याचं मोठं काम पुढच्याच चाकांचं. बांधली नसतील तर जोराच्या ब्रेकला ती केबिनच्या पाठीवर येऊन आदळतात. रिकामी गाडी उतरताना मागून फेकली जाते, हे खरं. पण त्यावर उपाय लहान गिअर आणि हलका पाय.

याच घराण्याचा जुना वाद आठवतो: घाट न्यूट्रलमध्ये उतरवला की डिझेल वाचतं. केवढं भांडण झालं होतं त्यावरून! गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की हल्लीच्या डिझेल इंजिनात इंधन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. बचतीच्या नावाखाली डिझेलही जायचं आणि ब्रेकही तापायचे. कुणी तर इंजिनच बंद करून उतरायचे. मग दोन-चार दाबांनंतर ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं. त्या वादात हरलेली मंडळीच आज पोती घेऊन उभी आहेत.

मग करायचं काय? थोडंच, आणि कंटाळवाणं. पहिली गोष्ट, टायर. कायदा १.६ मिलिमीटर नक्षीपर्यंत चालवू देतो. ओल्या चढाचं भाडं करणाऱ्याने तोवर थांबू नये. गोटा झालेला टायर पुढे लावायची सवय सोडावी. जुनाट, कडक झालेलं रबर नक्षी दिसली तरी निकामीच. दुसरी गोष्ट, पाय. चढ सुरू होण्याआधी वेग घ्या, मध्ये थांबू नका, झेपत असेल तर पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरला काढा. चाकावर जोर कमी येतो आणि ते कमी फिरतं. एकच चाक फिरत असेल तर हँडब्रेक किंचित ओढा. डिफरन्शियल थोडी ताकद दुसऱ्या चाकालाही देतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा. मिरगाच्या पहिल्या सरीला तेल, धूळ आणि पाणी एकत्र होतं, तेव्हा तासभर चहा प्या.

तिसरी गोष्ट, रस्ता. करूळ, फोंडा, आंबोली हे घाट मोजूनमापून आखलेले आहेत. पिकअपची परीक्षा घेते ती हमरस्त्यावरून वाडीत शिरणारी शेवटची चढण. तिथे काँक्रीट ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढायच्या असतात. ठेकेदार थापीने गुळगुळीत करून देतो आणि लोक म्हणतात, काय छान झाला रस्ता! ग्रामसभेत मागायच्या त्या आडव्या खाचा आणि कडेचं वाहतं गटार. पाणी आणि शेवाळ गेलं की निम्मं काम झालं.

एवढं करूनही वाळू वापरायचीच असेल तर वापरा, माझं वाळूशी वैर नाही. शेवाळलेल्या चढणीवर चाक फिरलं की पोतं फोडा आणि खरखरीत वाळू चाकापुढे टाका. स्वच्छ डांबरी वळणावर मात्र पसरू नका, तिथे तीच घसरवते. आणि त्यानंतरही चाक फिरतच राहिलं तर माल खालीच उतरवा आणि वाडीवाल्यांना खाली बोलवा. भाड्याचे शंभर-दोनशे कमी मिळतील. एवढा तोटा सोसवत नसेल तर गुरुवर्यांची सहा पोती आहेतच. फक्त उतरताना गुरुवर्यांना पुढच्या सीटवर बसवून आणा.